तटाबाहेरची पेठ

रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये भिंत बांधायला घेतली. सुमारे ११७ किलोमीटर लांबीची. शाळेच्या इतिहासात आपण भिंत शिकतो, किल्ले शिकतो. पण प्रत्येक किल्ल्याच्या तटाला चिकटून एक वस्ती असे, तिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. रोमन लोक तिला ‘विकुस’ म्हणत. आपण सदर बाजार म्हणू या.

हिशोब साधा होता. जिथे पाचशे माणसांना ठरावीक पगार मिळतो, तिथे पगार खर्च करायला लावणारेही येतातच. रस्त्याकडे अरुंद तोंड करून लांबलचक घरं उभी राहिली. पुढे दुकान, मागे संसार. चांभार आले, लोहार आले. भिंतीजवळच्या विंडोलांडा या ठाण्यात १९७३ पासून लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं आणि हिशोब सापडत आहेत. त्यांत अत्रेक्तुस नावाचा बिअर करणाराही भेटतो.

पण या पेठेत खरी गर्दी असावी ती बायकामुलांची. नोकरीत असेपर्यंत साध्या सैनिकाला कायद्याने लग्न करता येत नसे, आणि परक्या प्रांतांतून भरती झालेल्यांची नोकरी पंचवीस वर्षांची. पंचवीस वर्षं कोण थांबतो हो? संसार झाले, मुलं झाली. कायद्याने मात्र ती बायको नव्हती आणि ती मुलं औरस नव्हती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात ही बंदी उठली असं मानतात. तोवर पिढ्यान्‌पिढ्या एक अख्खी वस्ती सरकारच्या डोळ्यांदेखत नांदत होती आणि सरकारी कागदावर नव्हती.

अशा ठिकाणी दाद मागायची कुणाकडे? विंडोलांडाच्या फळ्यांत एका व्यापाऱ्याचा अर्ज आहे. त्याला छड्यांनी रक्त येईपर्यंत मारलं, मालाची नासाडी केली. तो लिहितो की मी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे, निरपराध आहे. परका असणं हेही त्याला आपल्या बाजूचं म्हणणं वाटतं, याची मला गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. हाऊसस्टेड्सच्या पेठेत तर एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे निघाले. एकाच्या बरगड्यांत पात्याचं टोक अडकलेलं होतं.

तरी या पेठेला स्वतःचा अभिमान होता. विंडोलांडाच्या रहिवाशांनी अग्निदेव वल्कनसाठी वेदी उभारली आणि तिच्यावर ‘विंडोलांडाचे गावकरी’ अशी आपली ओळख कोरली.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो साउथ शील्ड्सचा दगड. १८७८ मध्ये तो सापडला. वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर चाती, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा तेवढा फुटला आहे. नाव रेजिना, वय ३०, दक्षिण ब्रिटनच्या कॅटुवेलाउनी जमातीची. ती गुलाम होती. सीरियातल्या पालमिराच्या बराटेसने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी संसार केला.

वर लॅटिन मजकूर आहे, अक्षरं थोडी अडखळत कोरलेली. खाली एकच ओळ पालमिराच्या लिपीत, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि ती सफाईने कोरलेली. लॅटिनमध्ये वय, जमात, नातं, सगळी माहिती आहे. खालच्या ओळीत एवढंच: रेजिना, बराटेसने मुक्त केलेली, हाय! दोन हजार मैलांवरच्या त्या ठाण्यात ही ओळ वाचू शकणारे कितीसे असतील? त्याने ती वाचणाऱ्यांसाठी कोरवली नसावी.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीजवळच्या बहुतेक पेठा ओस पडल्या. किल्ल्यांत सैन्य पुढेही शतकभर होतं.

जवळच्या कॉर्ब्रिजला पालमिराच्याच एका माणसाचा दगड आहे. वय ६८. नावाची सुरुवातीची अक्षरं तुटली आहेत, उरलेली बराटेसशी जुळतात. तोच हा, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या दगडावर फक्त लॅटिन आहे.