चक्रीवादळाचा 'ताशी ३१५ किमी' वेग नेमका मोजतो कोण?

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याचा आकडा होता ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. काही परदेशी वेबसाईट्सवर मात्र याच वादळाचा वेग याहून बराच जास्त दिसत होता. पुढे वादळ घाट चढून पुणे जिल्ह्यात आलं. मावळात झाडं पडली, विजेचे खांब वाकले, फुलशेतीची पॉलिहाऊस फाटली.

एकच वादळ, एकच दिवस आणि आकडे वेगवेगळे. मग खरा कुठला?

उत्तर थोडं विचित्र आहे. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण समुद्रावरच्या वादळाचा वेग बहुतेक वेळा कुणी मोजलेलाच नसतो. तो अंदाज असतो. जगातल्या 'सर्वात शक्तिशाली' म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याच वादळांबाबतही हेच खरं आहे.

समुद्रात वाऱ्याचं यंत्र लावणार कुठे?

वेधशाळेच्या छतावर किंवा उंच खांबावर गरगर फिरणाऱ्या वाट्यांचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. वाऱ्याचा वेग मोजायचं ते साधं साधन. पण चक्रीवादळाचं आयुष्य जातं समुद्रावर. त्यातला सर्वात जोरदार वारा असतो 'डोळ्या'भोवतीच्या ढगांच्या भिंतीत, म्हणजे एका अरुंद कड्यात. त्या कड्याच्या वाटेत नेमकं यंत्र असणं हा योगायोगच. जहाजं तर वादळाची बातमी कळताच दूर पळतात.

वादळ जमिनीवर आलं तरी अडचण संपत नाही. वीज जाते, खांब पडतो, यंत्र तुटतं. सर्वात महत्त्वाच्या तासाची नोंदच गायब होते.

एक यंत्र मात्र टिकलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर १० एप्रिल १९९६ ला 'ऑलिव्हिया' वादळात त्याने ताशी ४०८ किमीचा झोत नोंदवला. तोवरचा विक्रम ३७२ किमीचा होता, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन शिखरावर १९३४ साली नोंदलेला. पण बॅरो बेटाच्या आकड्याला जागतिक हवामान संघटनेने मान्यता दिली ती २०१० मध्ये. म्हणजे विक्रमाला विक्रम म्हणायला १४ वर्षं लागली.

मग वेग ठरतो कसा? ढगांचा फोटो बघून!

१९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने एक पद्धत बसवली. आजही जगभरात, आपल्या हवामान खात्यातही, तीच वापरतात.

कल्पना अशी. वादळ जोर धरतं तसे त्याचे ढग ठराविक पद्धतीने बदलतात. आधी विस्कळीत ढग, मग वळणदार पट्टा, मग तो पट्टा केंद्राभोवती गुंडाळला जातो आणि शेवटी मधोमध डोळा दिसतो. तज्ज्ञ उपग्रहाच्या चित्रात हा पट्टा किती गुंडाळलाय ते बघतात. इन्फ्रारेड चित्रावरून तापमानही बघतात. डोळा जितका उबदार आणि भोवतीच्या ढगांचे माथे जितके थंड, तितकं वादळ तगडं.

यावरून वादळाला १ ते ८ मधला 'टी' क्रमांक मिळतो. क्रमांक अर्ध्या अर्ध्याने वाढतो आणि प्रत्येकासमोर तक्त्यात वेग दिलेला असतो. टी ४ म्हणजे साधारण ताशी १२० किमी, टी ४.५ म्हणजे १४३.

गंमत बघा. दोन तज्ज्ञांचं मत फक्त अर्ध्या पायरीने वेगळं झालं, तरी आकड्यात २३ किमीचा फरक पडला. शिवाय डोळ्यावर वरच्या ढगांचा पडदा आला, किंवा डोळा फारच छोटा असला, की अंदाज चुकायची शक्यता आणखी वाढते.

तक्ता संपतो तिथे काय?

नोव्हेंबर २०१३ मध्ये 'हैयान' वादळाने फिलिपिन्समध्ये ६ हजारांहून जास्त बळी घेतले. अमेरिकी लष्कराच्या केंद्राने त्याचा वेग सांगितला ताशी ३१५ किमी. हा आकडा तेव्हा जगभर फिरला.

आता ड्वोरॅकच्या तक्त्यातली शेवटची ओळ बघा. टी ८, ताशी ३१५ किमी. हैयानला पट्टीवरची शेवटची खूण मिळाली होती. त्याच्या पुढे पट्टीच नाही. वादळ नेमकं तेवढंच होतं, की थोडं कमी-जास्त, हे फोटोवरून सांगता येत नाही.

याउलट ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोजवळच्या 'पॅट्रिशिया' वादळात अमेरिकेची विमानं थेट शिरली होती. त्यांच्या मोजमापांवरून वेग ठरला ताशी ३४५ किमी, म्हणजे ड्वोरॅकच्या तक्त्याबाहेरचा.

ही विमानं वादळात छोटी उपकरणं खाली सोडतात. खाली पडता पडता ती हवेचा दाब, तापमान आणि वारा कळवत राहतात. १९७९ मध्ये पॅसिफिकमधल्या 'टिप' वादळात असाच ८७० हेक्टोपास्कल दाब नोंदला गेला. समुद्रसपाटीवर सर्वसाधारण दाब १०१३ असतो. आजही सर्वात कमी दाबाचा विक्रम टिपच्याच नावावर आहे.

म्हणजे वेगाने बघितलं तर पॅट्रिशिया पहिलं, दाबाने बघितलं तर टिप. आणि पॅसिफिकच्या त्या पश्चिम भागात विमानं नेमाने पाठवणं १९८७ मध्ये बंद झालं. त्यामुळे हैयानच्या वेळी आत जाऊन बघणारं कुणी नव्हतं. ते टिपपेक्षा मोठं होतं का, हा वाद म्हणूनच मिटत नाही.

आपल्या अरबी समुद्राचं काय?

भारतात वादळात नेमाने विमान पाठवायची सोय नाही. आपली भिस्त उपग्रह, समुद्रातली तरंगती यंत्रं आणि किनाऱ्यावरच्या डॉप्लर रडारवर. 'निसर्ग' जवळ आल्यावर मुंबई आणि गोव्याच्या रडारने त्याच्यावर नजर ठेवली होती. पण रडारची नजर काहीशे किलोमीटरच पोहोचते. त्यापलीकडे पुन्हा ढगांचे फोटोच.

ओडिशात ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या महाचक्रीवादळाचा दाब ९१२ हेक्टोपास्कल आणि वेग ताशी २६० किमी धरतात. तोही अंदाजच. त्यात गेलेले सुमारे १० हजार जीव मात्र अंदाज नव्हते.

१७ मे २०२१ चं 'तौक्ते' आठवतं? खात्याच्या अंदाजाने समुद्रात त्याचा वेग ताशी १८० किमीच्या वर होता. त्याच दिवशी कुलाब्यात झोत नोंदले गेले १०० किमीहून थोडे जास्त. दोन्ही खरं. वादळाचं केंद्र मुंबईपासून दूर होतं आणि बातमीतला आकडा त्या केंद्राजवळचा होता. त्या पट्ट्यात सापडलेल्या 'पी-३०५' बार्ज आणि 'वरप्रदा' टगवर मिळून ८० हून अधिक जण गेले.

एक मिनिट, तीन मिनिटं की दहा?

आकड्यांच्या गोंधळाचं दुसरं कारण एकदम साधं आहे. वारा सारखा कमी-जास्त होत असतो, म्हणून त्याची सरासरी काढतात. अमेरिका १ मिनिटाची काढते, भारत ३ मिनिटांची, जपान १० मिनिटांची. वेळ जितका जास्त, तितकी सरासरी खाली येते.

म्हणूनच हैयान अमेरिकेसाठी ३१५ किमीचं आणि जपानसाठी २३० किमीचं. एवढा मोठा फरक नुसत्या सरासरीचा नाही. दोघांची अंदाजाची पद्धतही वेगळी आहे. तेव्हा एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशेजारी ठेवून 'आपलं वादळ छोटं' म्हणणं चुकीचंच.

'१८९१ नंतर पहिल्यांदाच' म्हणजे काय?

'निसर्ग'च्या वेळी हे वाक्य खूप फिरलं. बऱ्याच जणांना वाटलं, १८९१ मध्ये असंच काहीतरी आलं असणार. तसं नाही. हवामान खात्याच्या वादळमार्गांच्या संकलित नोंदी १८९१ पासून सुरू होतात, म्हणून ते साल.

त्यातही पहिला हवामान उपग्रह आला १९६० मध्ये. त्याआधी भर समुद्रात जन्मून तिथेच विरलेलं वादळ एखाद्या जहाजाला दिसलं तरच वहीत जायचं. 'आजवरचं सर्वात मोठं' म्हणजे 'आपण पाहिलेल्यांपैकी सर्वात मोठं', एवढाच त्याचा अर्थ.

मग घोरावाडीच्या माणसाने आकड्याचं करायचं काय?

आकडा अंदाज असला तरी तो बिनकामाचा नाही. एनडीआरएफची पाचवी बटालियन मावळातच, सुदुंबरे इथे आहे. तिच्या तुकड्या किनाऱ्यावर कुठे आणि किती पाठवायच्या, हे याच अंदाजांच्या आधारे वादळ पोहोचायच्या आधी ठरवावं लागतं. अचूक मोजमापाची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो.

आणि थोडासा फरकही महाग पडतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १०० वरून १४० झाला, तर छपराच्या पत्र्यावरचा जोर जवळपास दुप्पट होतो.

घोरावाडी अलिबागपासून सरळ रेषेत ८५ किमीच्या आसपास. एवढ्या अंतरात समुद्राची वाफ तुटते, सह्याद्री आडवा येतो आणि वादळाचा जोर उतरतो. 'निसर्ग'ही संध्याकाळपर्यंत 'तीव्र चक्रीवादळ' वरून 'चक्रीवादळ' या वर्गात उतरलं. पण या वर्गाचा वारासुद्धा ताशी ६२ ते ८८ किमीचा असतो. डोंगराच्या खिंडीत आणि उघड्या माळावर तो आणखी जोराने घुसतो. सैल पत्रा उडायला तेवढा पुरतो.

पुढच्या वादळात फॉरवर्ड आला की चार गोष्टी तपासा. आकडा कुणाचा आहे? सरासरी आहे की झोत? समुद्रातला आहे की जमिनीवरचा? आणि कधीचा? मग हवामान खात्याच्या ताज्या पत्रकात आपल्या जिल्ह्यासमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे खालचा आणि वरचा असे दोन आकडे असतील, तर पत्रे बांधताना आणि गाडी झाडाखालून हलवताना वरचाच धरा.