'बिलाँग': कँटनच्या बाजारातलं एक क्रियापद

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात मी बेधडक 'मोडकं इंग्रजी' असं लिहिलं होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, "मोडकं कुणी ठरवलं?" त्या प्रश्नापायी माझे चार महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१७५७ पासून १८४२ पर्यंत इंग्रजांचा चीनमधला व्यापार कँटन या एकाच बंदरात कोंडलेला होता. १७५९ मध्ये जेम्स फ्लिंट हा चिनी जाणणारा इंग्रज थेट सम्राटाकडे तक्रार घेऊन निघाला. त्याला मकावमध्ये तीन वर्षं कैद झाली आणि त्याच्या चिनी मदतनिसाला देहदंड. त्यानंतर परकीयांना चिनी शिकवायलाच बंदी आली. मग भाषा शिकायची पाळी कुणावर? अर्थात चिनी दुकानदार, दुभाषे आणि नोकर यांच्यावर.

आता त्यांच्या जागी बसून बघा. चिनी क्रियापद काळ किंवा पुरुष बदलला म्हणून रूप बदलत नाही. आणि समोर इंग्रजीचं 'टु बी': ॲम, इज, आर, वॉज, वेअर... एकूण आठ रूपं! कँटनच्या पिजिननं या सगळ्यांच्या जागी बऱ्याचदा एकच शब्द ठेवला, 'बिलाँग'. इंग्रजीत त्याचा अर्थ मालकीचं असणं; पिजिनमध्ये नुसतं 'असणं'. 'ही बिलाँग डॉक्टर' म्हणजे तो डॉक्टर आहे, किंवा होता. काय ते संदर्भावरून कळायचं. चूक वाटते, पण ती सगळे नियमानं करत असतील तर ते व्याकरणच झालं ना? आणि गोरे व्यापारीही नोकरांशी तसंच बोलत.

ही भाषा आपल्याला मुख्यतः भेटते ती इंग्रजांच्या लिखाणात, तीही बहुधा थट्टेच्या सुरात. 'मोडकं' हा शब्द मी तिथूनच नकळत उचलला होता. दुसरी बाजू चिनी पुस्तिकांमध्ये आहे. त्यांत इंग्रजी अक्षरं नाहीतच. उच्चार चिनी चिन्हांत लिहिलेले. पुढे १८६२ मध्ये तांग तिंगशू यांनी सहा खंडांचं पुस्तक काढलं. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला हा माणूस नीट इंग्रजी शिकवतो, पण काही ठिकाणी समासात बाजारी रूपही देतो. तांगना दोन्ही येत होत्या, आणि कुठली कुठे चालते हेही ठाऊक होतं.

(जाता जाता: चीनच्या बंदरांत 'चिट' आणि 'श्रॉफ' हे शब्दही सर्रास चालत. आपलीच चिठ्ठी आणि आपलाच सराफ!)

माझे चार महिने मात्र भलत्याच कारणानं गेले. पुस्तिकांमधली चिन्हं मी मँडरिनमध्ये वाचत होतो, कारण शिकलो तेवढंच होतं. एकही शब्द इंग्रजीसारखा ऐकू येईना. ती कँटनीजमध्ये वाचायची असतात, हे एका सीनिअरनं चहा पिता पिता सांगितलं. सध्या शनिवार-रविवार कँटनीजचा क्लास चालू आहे.