शेवटचे दुखणे कोणाच्या हवाली?

चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले असते तर काम सोपे झाले असते. हा विषय आम्ही मागून घेतला, कारण आमच्या संघटनेच्या कचेरीत बोनसाइतकाच तो येतो. खाणीतला, चुनाभट्टीवरचा, पऱ्हाटीच्या शेतातला माणूस वर्षानुवर्षे खर्रा चघळतो. गालात गाठ येते. घरचे त्याला यवतमाळला, तेथून नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर इस्पितळात किंवा सेवाग्रामला नेतात. बैलजोडी विकली जाते, आणि शेवटी डॉक्टर हळू आवाजात सांगतात की आता घरी न्या. झरी-जामणीच्या एखाद्या गावात अथवा कोलामांच्या पोडावर तो परत येतो तेव्हा त्याचा आजार संपलेला नसतो. इस्पितळाचे काम तेवढे संपलेले असते. पुढले तीन-चार महिने त्याला कोणाच्या हाती द्यावयाचे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यावाचून निवड नीट होत नाही असे आम्हांस वाटते.

पूर्वी सगळे घरीच मरत आणि सुखाने मरत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरी मरत हे खरे. सुखाचे काय ते त्या घरच्या सुनेला विचारावे. रात्री उठणे, अंथरूण धुणे, घास भरविणे हे सारे तिच्याकडे, आणि सकाळी पुन्हा निंदणाला जावयाचे. त्या मेहनतीची नोंद कोणत्याच हजेरीपटावर झाली नाही. ज्यांना ऐपत होती ते म्हातारपणी काशीला जात. तेथे १९५८ साली मुक्तिभवन निघाले. मरणासन्न माणसाला नातलगांसह काही दिवस राहण्यास खोली मिळावी म्हणून. परंतु तेथे जावयाचे ते मुक्तीसाठी, औषधासाठी नव्हे. वेदना हा ज्याचा त्याचा भोग, अशीच समजूत होती.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मात्र एक वेगळे पाऊल पडले. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. येरवड्याच्या तुरुंगातील ओळखीचे परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. वरोऱ्याला १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले ते आपल्याकडील अनेकांनी पाहिलेच आहे. ही काही मरणाऱ्यांची घरे नव्हेत. पण जो बरा होणार नाही असे लोक धरून चालत, त्याला हात लावावयाचा, ही गोष्ट विदर्भाला कोणी परदेशातून येऊन शिकवली नाही.

परदेशात जे घडले ते निराळे, आणि ते शिकण्यासारखे. फ्रान्सच्या लिऑन शहरात १८४२ साली जान गार्निए या विधवेने असाध्य रोगाने पिडलेल्या स्त्रियांसाठी काम आरंभिले. डब्लिनच्या जोगिणींनी १८७९ साली व लंडनच्या हॅकनी या गरीब वस्तीत १९०५ साली अशी घरे काढली. तेथे माया होती, शास्त्र नव्हते. ते आणले सिसिली साँडर्स या बाईंनी. त्या आधी परिचारिका, मग इस्पितळातील समाजसेविका. १९४८ साली त्यांच्या देखरेखीखालील डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडमधून आलेला ज्यू कॅन्सरने मेला व जाताना आपल्याजवळचे पाचशे पौंड त्यांच्या कल्पनेतील घरासाठी ठेवून गेला. डॉक्टरांवाचून कोणी आपले ऐकणार नाही हे उमगल्यावर बाई वैद्यक शिकल्या आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. हॅकनीच्या त्या घरी त्यांनी एक साधी गोष्ट पद्धतशीर करून दाखविली. रोगी कळवळून ओरडेपर्यंत थांबावयाचे नाही. मॉर्फिन घड्याळाच्या ठोक्यावर, वेदना उठण्याआधी द्यावयाचे. तसे केल्याने माणूस गुंगीत पडून राहत नाही, उलट बसतो, बोलतो, हिशेब मिटवतो, हे दिसून आले. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले, आणि 'हॉस्पिस' हा शब्द जगभर गेला.

आता आपल्या देशाची गंमत पाहा. मॉर्फिन निघते अफूपासून, आणि सरकारी परवान्याने अफू पिकविणाऱ्या जगातील मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती पिकते व परदेशी औषध कारखान्यांना जाते. मात्र १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला आणि दहा-दहा वर्षांच्या सक्तमजुरीच्या धास्तीने औषध दुकानदारांनी व इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढल्या बारा वर्षांत औषधी मॉर्फिनचा देशातील वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. चोर पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात रोगी अडकला! तशातच १९८६ साली टाटा इस्पितळातील शस्त्रवैद्य डॉ. एल. जे. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन काढले. भारतातील पहिले हॉस्पिस ते हेच. पुण्यास वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ साली निघाले. दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या रोग्यास पैसे न घेता ठेवतात. पण झरीहून वांदरे किती लांब, हे या सभेत सांगावयास नको.

शुश्रूषा करणारा कसा ओळखावा याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या मते हॉस्पिसात नाही, मुंबईच्या केईएम इस्पितळात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातच हल्ला झाला व मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलविण्याचा घाट घातला, तेव्हा केईएमच्या परिचारिका विरोधास उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पगारवाढीसाठी झालेले लढे आम्ही पुष्कळ पाहिले. अंथरुणावरील बाईची सेवा आपल्याकडेच राहावी म्हणून झालेला लढा हा एवढाच. पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला अन्न देणे थांबवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांच्या कळकळीबद्दल आम्हांस शंका नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवकवर्गाचा. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला जखम झाली नव्हती, याची नोंद न्यायालयापुढे आली. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने गेली, तोवर बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या कित्येक पिढ्या निवृत्त झाल्या होत्या.

पाठीला जखम नाही, या तीन शब्दांत शुश्रूषेचे सारे शास्त्र आले. दर दोन तासांनी कूस बदलणे हे काम उपकाराच्या भावनेने चार दिवस होते, चार महिने होत नाही. त्याला पाळी लागते, बदली माणूस लागतो, कायम नोकरी लागते. म्हणून कोणत्याही संस्थेत आपला माणूस ठेवण्यापूर्वी संगमरवरी फरशीकडे पाहू नये. रात्रपाळीला किती बाया आहेत आणि त्यांना पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो काय, हे तेथील झाडूवालीला विचारावे. आम्हांस तरी तिच्याइतकी खरी माहिती देणारा दुसरा कोणी भेटलेला नाही.

दूर नेण्याची ताकद नसेल तर? केरळने याचे उत्तर दिले. कालिकतला १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आदींनी वेदनाशमनाचे केंद्र काढले, आणि थोड्याच वर्षांत मलप्पुरमकडील गावोगावी साध्या माणसांनी आठवड्याचे दोन-चार तास देऊन घरी जाऊन रोग्यांची सेवा सुरू केली. परिचारिका येते, डॉक्टर लागेल तेव्हा येतो, शेजारी मात्र कायम असतो. २००८ साली तेथील सरकारने धोरण जाहीर केले. महाराष्ट्राचे धोरण २०१२ सालचे. धोरण झाले म्हणून पोडावर मॉर्फिन पोहोचत नाही हे आम्ही जाणतो. पण मागणी करावयास कागद हाती आहे. आणि १९८५ चा कायदाही २०१४ साली सुधारला गेला. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरवून देशभर एकच नियम झाला, व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येतात. तेव्हा "घरी न्या" म्हणणाऱ्या डॉक्टरला तेथल्या तेथे विचारावे: दुखू लागले तर काय द्यावयाचे, ते कोठे मिळेल, संपले तर रात्री कोणाला फोन करावयाचा, जखम धुण्याचे व नळीतून अन्न देण्याचे काम घरच्या कोणाला शिकवाल? यांची उत्तरे मिळाल्यावाचून चिठ्ठी घेऊन उठू नये. ज्याला ही उत्तरे देता येतात त्याच्याकडे आपले माणूस द्यावे, मग तो मोठ्या इस्पितळाचा असो की तालुक्याच्या दवाखान्यातला.

एक विचारणे राहते, आणि ते खुद्द रोग्याला. त्याला घरी राहावयाचे आहे की नाही, नळ्या लावून घ्यावयाच्या आहेत की नाही, हे आपण भावाला विचारतो, जावयाला विचारतो, त्याला नाही. अरुणाला विचारता येत नव्हते, म्हणून प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीवर असताना माणसाला आपली इच्छा लिहून ठेवता येईल असे ठरविले, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांपुढे सही, त्यावर नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणन. बोलण्याची शुद्ध गेल्यावर आपल्या वतीने कोणी बोलावयाचे त्याचे नावही त्यात घालावयाचे, आणि प्रत घरच्या डॉक्टरकडे ठेवावयाची. त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. झरीच्या तहसील कचेरीतील तहसीलदार हे राजपत्रित अधिकारीच आहेत.