घरीं बांधलेली मोटार आणि तांबडा दिवा

मोटारीची किल्ली फिरविली कीं समोरच्या फळीवर एक लहानसा तांबडा दिवा लागतो, आणि एंजिन चालूं झालें कीं तो मालवतो. त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु एखाद्या हौशी माणसानें स्वतःच्या हातानें जुळविलेल्या मोटारींत हा दिवा मालवेनासा झाला, अथवा मुळींच लागेनासा झाला, म्हणजे मोठा पेंच उभा राहतो. कारखान्यांतून आलेल्या गाडीच्या तारांचा नकाशा छापलेला असतो. घरीं बांधलेल्या गाडीचा नकाशा बांधणाराच्या डोक्यांत असतो, आणि पुष्कळदां तो तेथेंही पुसट झालेला असतो. मग आल्टर्नेटर बिघडला असें ठरवून तो माणूस नवा आल्टर्नेटर विकत आणतो, आणि दिवा होता तसाच राहतो. खर्च झाला, दोष मात्र सांपडला नाहीं. असें कां होतें, हें समजण्यास या यंत्राचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

घरीं मोटार बांधण्याचा छंद इंग्लंडांत विशेष फोफावला. १९२२ ते १९३९ या काळांत निघालेली ऑस्टिन सेव्हन ही लहान, स्वस्त गाडी त्याला कारण झाली. तिच्या जुन्या सांगाड्यावर नवें शरीर चढवून शर्यतीची गाडी करणारे तरुण गांवोगांव निर्माण झाले. १९३९ मध्यें त्यांचा सेव्हन-फिफ्टी मोटर क्लबही स्थापन झाला. कॉलिन चॅपमन यानें आपली पहिली लोटस गाडी १९४८ मध्यें अशाच एका ऑस्टिनवर उभारली, आणि १९५७ मध्यें त्याची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपानें विक्रीस आली. तयार गाडीवर ब्रिटिश सरकारचा खरेदीकर बसे, सुट्या भागांवर तो बसत नसे. भागांबरोबर जुळणीच्या सूचना देण्यास बंदी होती, म्हणून चॅपमननें गाडी उलगडण्याच्या सूचना दिल्या व त्या उलट्या क्रमानें वाचावयास सांगितलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १९७३ मध्यें खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर येईपर्यंत हजारों गृहस्थांनीं आपापल्या गॅरेजांत गाड्या जुळविल्या.

या पहिल्या गाड्यांत वीज करणारें यंत्र डायनॅमो हें होतें. खरें पाहतां आल्टर्नेटर हा डायनॅमोहून वयानें वडील आहे. फॅरडेनें १८३१ मध्यें चुंबकापासून वीज काढून दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या हिपोलित पिक्सी या उपकरणें बनविणाऱ्या कारागिरानें हातानें फिरविण्याचें यंत्र केलें. त्यांतून निघणारा प्रवाह क्षणांत एका दिशेस, क्षणांत दुसऱ्या दिशेस वाहे. हा अवगुणच समजला गेला, व अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीनें प्रवाह एकाच दिशेनें वळविणारा कॉम्युटेटर बसविला. मोटारीला तर एकदिश प्रवाहच हवा, कारण बॅटरी दुसरा प्रवाह सांठवीत नाहीं. १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल फिरविण्याची यातायात चुकली, आणि तेव्हांपासून बॅटरी व डायनॅमो ही जोडी मोटारींत कायमची राहिली.

डायनॅमो इमानी खरा, पण आळशी. एंजिन मंद चालत असतां तो जवळजवळ कांहींच देत नसे. रहदारींत गाडी थांबली कीं दिवे मलूल होत. त्याची सगळी वीज फिरत्या भागांत निर्माण होऊन कॉम्युटेटरच्या तुकड्यांवरून ब्रशांवाटे बाहेर येई. त्यामुळें त्याला अतिवेगानें फिरवितां येत नसे. आल्टर्नेटरमध्यें हा संसार उलटा आहे. चुंबक फिरतो, वीज देणारीं वेटोळीं स्थिर असतात, व ब्रशांना फक्त चुंबकाला पोसणारा थोडासा प्रवाह न्यावा लागतो. अडचण होती ती उलटसुलट प्रवाह सरळ करण्याची. सेलेनियमचे जुने रेक्टिफायर अवजड असत. सिलिकॉनचे चिमुकले डायोड स्वस्त झाले आणि वाट मोकळी झाली: १९६० च्या क्राइस्लर व्हॅलियंटपासून आल्टर्नेटर सर्वसामान्य गाड्यांत शिरला, व त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश गाड्यांतही स्थिरावला. लुकासचा सी-४० डायनॅमो सुमारें २२ अँपिअर देई. त्याच कारखान्याचा १६-एसीआर आल्टर्नेटर ३४ देऊं लागला.

यंत्र बदललें, पण माणसांच्या संवयी बदलल्या नाहींत. एंजिन चालूं असतां बॅटरीची तार काढून पाहावी, गाडी चालत राहिली तर डायनॅमो ठीक, अशी जुनी परीक्षा होती. तीच आल्टर्नेटरवर केल्यास व्होल्टेज एकाएकी उसळतें आणि डायोड किंवा नियंत्रक जळून जातात. म्हणजे निरोगी यंत्राचा परीक्षेनेंच बळी जातो. दुसरी गोष्ट अर्थची. साठाच्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडीत, आल्टर्नेटर आल्यावर ऋण टोक जोडूं लागले. दोन पिढ्यांचे भाग एकत्र करणाऱ्या हौशी कारागिरानें येथें चूक केली तर डायोड जळण्यास कांहीं क्षण पुरतात.

आणि तो तांबडा दिवा. डायनॅमोच्या काळीं तो केवळ बातमीदार होता. डायनॅमोच्या लोखंडांत थोडें चुंबकत्व शिल्लक राहतें, त्यावर तो आपोआप जागा होतो; दिवा फुटला तरी वीज होतच राहते. आल्टर्नेटरला मात्र बहुधा बॅटरीकडून पहिला घोट पाजावा लागतो, आणि तो घोट या दिव्यांतूनच जातो. म्हणून किल्ली फिरवितांच दिवा लागलाच नाहीं, तर बल्ब गेला आहे, तार तुटली आहे, किंवा ब्रश झिजले आहेत, हें आधीं पाहावें. अशा गाडीचें एंजिन जोरानें फिरविलें तर वीज कधींकधीं अकस्मात सुरू होते, आणि दोष लहरी आहे असें वाटून माणूस अधिकच गोंधळतो. दिवा लागून मालवतच नसेल, तर पट्ट्यापासून आरंभ करावा. ढिला पट्टा हा सर्वांत स्वस्त दोष आहे.

घरच्या गाडीचा खास रोग मात्र निराळाच असतो. एंजिन रबराच्या उशांवर बसविलेलें, सांगाड्यावर जाड रंग, आणि शरीर फायबरग्लासचें, ज्यांतून वीज वाहत नाहीं. एंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी जाड तार विसरली, तर प्रवाह परत जाण्यास मिळेल ती वाट धरतो. स्टार्टर फिरवितांना अॅक्सिलरेटरची तारही तापलेली आढळते. येथें व्होल्टमीटरच खरा वैद्य. पूर्ण भरलेली बॅटरी एंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, एंजिन चालूं असतां १४ च्या आसपास. आल्टर्नेटरच्या टोंकावर १४ आणि बॅटरीवर तेराहूनही कमी, असें दिसलें तर यंत्र निर्दोष आहे. वीज वाटेंत हरवते. आंत नियंत्रक असलेले पुष्कळ आल्टर्नेटर स्वतःच्याच टोंकावरचें व्होल्टेज पाहून समाधान मानतात. पलीकडे बॅटरी उपाशी आहे याची त्यांना दाद नसते. मग आल्टर्नेटरचें अंग आणि बॅटरीचें ऋण टोंक यांमध्यें मीटर धरावा. तेथें जवळजवळ शून्य यावें. अर्धा व्होल्ट आला कीं चोर सांपडला.

इतकें सगळें ठीक असून दिवा मंद मिणमिणत असेल, किंवा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळीं रिकामी होत असेल, तेव्हांच डायोडावर संशय घ्यावा व आल्टर्नेटर उघडावा.

अलीकडे या जुन्या कोड्यांत एका नव्याची भर पडली आहे. घरीं गाडी बांधणारे फळीवर जुन्या बल्बाऐवजीं एलईडी दिवे बसवितात. ते टिकाऊ असतात आणि फार थोडी वीज घेतात. पण आल्टर्नेटरला जागें करण्यास तेवढी पुरत नाहीं. म्हणून जाणते कारागीर फळीच्या मागें, त्या दिव्याला समांतर असा एक छोटा रोध जोडून ठेवतात.