‘एक्स्पेक्ट’ म्हणजे नेमकं काय? वाक्यात कसं वापरायचं?

नोकरीची मुलाखत झाल्यावर बरेच जण कंपनीला एक छोटा मेल पाठवतात. त्याची शेवटची ओळ पुष्कळदा अशी असते: ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय बाय मंडे.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘सोमवारपर्यंत आपले उत्तर अपेक्षित आहे.’ म्हणजे अर्जात शोभेल असं सभ्य वाक्य. वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘सोमवारपर्यंत मला उत्तर मिळायलाच हवं.’ व्याकरणाची चूक कुठेच नाही, तरी उमेदवार उगाच उद्धट ठरतो.

गडबड होते ती ‘एक्स्पेक्ट = अपेक्षा करणे’ या शाळेत पाठ केलेल्या जोडीमुळे. मराठीत ‘उत्तर अपेक्षित आहे’ म्हणताना अपेक्षा करणारा कोण, हे वाक्यात येतच नाही. ‘आपल्या उपस्थितीची अपेक्षा आहे’ ही तर चक्क विनंती असते. इंग्रजीत ‘आय’ पुढे उभा राहतो आणि विनंतीची मागणी होते. (लग्नाच्या जाहिरातीतल्या ‘अपेक्षा’ मात्र मराठीतही विनंती नसतात, ती अटींची यादीच असते.)

अंदाज की हुकूम?

‘एक्स्पेक्ट’चा गाभा इतकाच: एखादी गोष्ट होणार, असं मानायला कारण आहे. पुढे त्याच्या दोन वाटा होतात. ‘हेवी रेन इज एक्स्पेक्टेड टुमॉरो’ हा अंदाज आहे. दहावी-बारावीचे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ असतात, त्यातलं ‘अपेक्षित’ नेमकं याच अर्थाचं. ते प्रश्न यावेत अशी कुणाची मागणी नसते, ते येतील असा अंदाज असतो.

दुसरी वाट हक्काची. ‘द मॅनेजर एक्स्पेक्ट्स अस टू बी हिअर बाय नाइन’ म्हणजे मॅनेजरचा नऊला येण्याचा हुकूम. नेमणूकपत्रात ‘यू आर एक्स्पेक्टेड टू’ अशी सुरुवात दिसली, की पुढे येतं ते करावंच लागतं. अंदाज की हुकूम, हे बोलणाऱ्याच्या अधिकारावर ठरतं. म्हणून वरिष्ठाच्या तोंडी हे क्रियापद चालून जातं आणि उमेदवाराच्या मेलमध्ये खटकतं.

या शब्दाची ताकद दाखवणारा एक प्रसंग इतिहासात आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ, ट्रॅफल्गारला, ब्रिटिश आरमार फ्रेंच-स्पॅनिश ताफ्यावर चालून गेलं. लढाई सुरू होण्याआधी सेनापती नेल्सनला निशाणांच्या खुणांनी सर्व जहाजांना संदेश द्यायचा होता: प्रत्येक माणूस आपलं कर्तव्य बजावेल, असा इंग्लंडला विश्वास आहे. त्यासाठी त्याने ‘कन्फाइड्स’ हे क्रियापद निवडलं होतं. ते सांकेतिक कोशात नव्हतं, एकेक अक्षर दाखवावं लागलं असतं. निशाणं सांभाळणारा अधिकारी जॉन पास्को याने ‘एक्स्पेक्ट्स’ सुचवलं, कारण ते कोशात होतं. नेल्सनने लगेच होकार दिला. वेळ वाचला, पण ‘विश्वास आहे’ची जागा ‘कर्तव्य बजावायलाच हवं’ने घेतली. वाक्य आजही त्याच रूपात लक्षात ठेवलं जातं.

होप, वेट आणि एक्स्पेक्ट

‘एक्स्पेक्ट’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ बाहेर नजर लावणं, वाट पाहणं. संस्कृत ‘अपेक्षा’तही ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणं, आहे. मराठीत तर आपण सरळ वाट ‘पाहतो’. तिन्हीकडे डोळे लावून बसलेला माणूस आहे. आजच्या इंग्रजीत मात्र वाट पाहण्यासाठी ‘वेट’ वेगळं आहे. स्टॉपवर उभे असाल तर ‘आय ॲम वेटिंग फॉर द बस’. पार्सल आज येणार हे माहीत आहे आणि तुम्ही आपल्या कामात आहात, तर ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग अ पार्सल’.

‘होप’मध्ये इच्छा असते, खात्री नसते. ‘आय होप टू पास’ म्हणजे पास झालो तर बरं. ‘आय एक्स्पेक्ट टू पास’ म्हणजे पेपर चांगले गेलेत. आणि वाईट गोष्टही ‘एक्स्पेक्ट’ करता येते, तिथे इच्छेचा प्रश्नच नाही. ब्रिटिश बोलण्यात ‘आय एक्स्पेक्ट यू आर टायर्ड’ म्हणजे फक्त ‘दमला असशील’.

वाक्य जुळवताना

मराठीतल्या ‘तुझ्याकडून’मुळे ‘आय एक्स्पेक्ट फ्रॉम यू टू कम’ असं लिहिलं जातं. ते चूक. माणसाने काही करावं असं म्हणायचं, तर मध्ये ‘फ्रॉम’ नको: ‘आय एक्स्पेक्ट यू टू कम.’ वस्तू किंवा वागणूक हवी असेल तर ‘फ्रॉम’ येतं: ‘आय डिडन्ट एक्स्पेक्ट धिस फ्रॉम यू.’ ‘एक्स्पेक्ट फॉर’ कुठेच नको. ‘एक्स्पेक्ट मीटिंग यू’ही नको, ‘एक्स्पेक्ट टू मीट यू’ हवं.

‘शी इज एक्स्पेक्टिंग’ इथेच वाक्य थांबलं, तर अर्थ होतो ती गरोदर आहे. पार्सलबद्दल विचारलेल्या प्रश्नाला ग्रुपवर नुसतं ‘येस, आय ॲम एक्स्पेक्टिंग’ असं उत्तर टाकलं, तर अभिनंदनाचे मेसेज येऊ शकतात.

स्पेलिंगचा घोळ सर्वात महागात पडतो. ‘एक्स्पेक्ट’, ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून आणि ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे, तिन्ही खरे शब्द असल्याने मोबाइलचं स्पेलिंग तपासणारं यंत्र अनेकदा गप्प राहतं. नोकरी स्वीकारताना ‘आय एक्स्पेक्ट युअर ऑफर’ असं गेलं, तर अर्थ होतो, ‘तुमच्या ऑफरची मला अपेक्षा आहे.’ हातात असलेली ऑफर स्वीकारलीच जात नाही.

आता सुरुवातीचा मेल. तिथे ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ चांगलं. ‘टू’नंतर ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’. सोमवार महत्त्वाचाच असेल तर ‘कुड यू प्लीज लेट मी नो बाय मंडे?’ आणि ‘एक्स्पेक्ट’च वापरायचं असेल तर प्रश्नात वापरावं: ‘व्हेन मे आय एक्स्पेक्ट अ रिप्लाय?’ यात उत्तर कधी द्यायचं, हे समोरचा ठरवतो.