दिनविशेष : २७ फेब्रुवारी – बडगामची हेलिकॉप्टर दुर्घटना (२०१९)

पाकिस्तानातील बालाकोटवर भारताने केलेल्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, काश्मीरच्या आकाशात भारत आणि पाकिस्तानची विमाने समोरासमोर आली होती. त्याच सकाळी श्रीनगरहून निघालेले भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यात कोसळले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक स्थानिक नागरिक मृत्युमुखी पडला. सुरुवातीला हा केवळ अपघात वाटला. चौकशीअंती मात्र हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडल्याचे निष्पन्न झाले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होत असल्याचे सांगितले.

अशा चुकांची वाच्यता केल्याने सैन्याचे मनोबल खचते, असा आक्षेप घेतला जातो. ऐन संघर्षात काही तपशील गुप्त ठेवावे लागतात, हेही खरे. पण ती गरज संपल्यावरही मौन राखले, तर आपले आणि शत्रूचे विमान ओळखण्याच्या पद्धतीतील त्रुटी तशीच राहते आणि पुढच्या वैमानिकाच्या जिवावर बेतते. मनोबल टिकते ते सत्य सांगणाऱ्या नेतृत्वावरील विश्वासाने. शत्रूच्या गोळीने आलेले मरण आणि आपल्या चुकीने आलेले मरण कुटुंबासाठी सारखेच असते. म्हणून या सातही जणांची, त्या नागरिकाचीही, नोंद युद्धाच्या हिशेबात व्हायलाच हवी.