ओडोरिकचे काळे सिंह

इ. स. १३२१ मध्ये ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती हुतात्मे झाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. पुढे थोड्याच काळात ओडोरिक हे इटालियन फ्रान्सिस्कन येथे आले आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेले. आपण ओडोरिकांचे वृत्त वाचतो ते त्या चौघांसाठी. येथील श्वापदांविषयीचा मजकूर नजरेतून सुटतो.

या मुलखात काळे सिंह पुष्कळ, माकडे आहेत, वटवाघळे कबुतराएवढी आणि उंदीर एवढे दांडगे की मांजराचे काही चालत नाही, कुत्रीच त्यांना मारतात, असे ते सांगतात. हे उंदीर म्हणजे आपली घूस, यात आम्हांस शंका नाही. सिंहांचे कोडे मात्र अवघड. सह्याद्रीत काळा बिबट्या क्वचित आढळतो खरा, पण पुष्कळ? परक्या पाहुण्याने वाघ-बिबट्यांना ओळखीचे नाव दिले असावे.

ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचे रान आजही उभे आहे. पलीकडे कान्हेरी, तेथे बौद्ध भिक्षूंनी कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या. कारवी आठ वर्षांनी फुलते, मागला बहर २०२४ चा. वाघ गेला. बिबट्या आहे, आणि तो बराचसा पोसतो पायथ्याच्या वस्त्यांतील भटक्या कुत्र्यांवर! घोडबंदर रस्त्याने नागल्याचे रान मूळ अरण्यापासून तोडले आहे. २०२४ मध्येच या डोंगराखालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजनही झाले.